चक्र फिरत राहते, नोंद तीनदा होते

गेल्या वर्षापासून ऊसनोंद संगणकावर, वेबवर होते. सोय झाली हे आम्हीही मान्य करतो. पण आडसालीच्या नोंदीत जे घडले ते सांगितलेच पाहिजे.

एका सभासदाने रात्री मोबाईलवरून नोंद भरली, बटण दाबले. चक्र फिरत राहिले, मग '५०४' अशी चूक आली. बिचाऱ्याने परत दाबले, परत दाबले. सकाळी बघतो तर एकाच प्लॉटच्या तीन नोंदी! दुबार नोंदी काढताना आमच्याच खात्याकडून खरी नोंद गेली आणि लागण तारीख नसलेली अर्धवट राहिली. तोडणी कार्यक्रमात तो गडी पंधरवडा मागे पडला. चूक आमची, पण मूळ दुखणे वेगळे आहे.

नोंद घेताना सर्व्हर सातबारा, मागचे क्षेत्र, नकाशा, बँक खाते असे सगळे ताडून पाहतो. त्याला दीड-दोन मिनिटे लागतात. दारावर जो एनजिनएक्स नावाचा सर्व्हर आहे, तो मुद्दाम बदलले नाही तर ६० सेकंदच उत्तराची वाट पाहतो आणि मग ५०४ देऊन मोकळा होतो. आतले काम मात्र चालूच असते. म्हणजे पडद्यावर 'नाही' आणि दप्तरात 'झाले'.

काम करणारे ठेकेदार म्हणाले, मुदत पाच मिनिटे करू. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. ऊस गाळून होईपर्यंत गाडी काट्यावरच उभी करतो का आपण? तसे केले तर रांग गावात जाईल. वजन होते, स्लिप मिळते, गाडी यार्डात जाते, नंबर आला की गव्हाणीला लागते. सर्व्हरकडेही हातावर मोजण्याइतकेच कामकरी असतात. ते वाट पाहत अडकले की ज्याला नुसते वजन बघायचे आहे त्याचेही पान उघडत नाही.

तेव्हा नोंद आली की ती रांगेत लिहून घ्यावी आणि लगेच पावती क्रमांक द्यावा. 'स्वीकारले, काम बाकी आहे' असे सांगायला वेबच्या नियमात २०२ हा आकडा १९९६ पासून आहेच. ताडणी मागे स्वतंत्र कामकऱ्याने करावी. मध्येच वीज गेली तरी काम रांगेतून पुसले जाऊ नये. शिवाय प्रत्येक फॉर्मला एकच खूण असावी, म्हणजे बटण दहादा दाबले तरी नोंद एकच.

काही सभासद म्हणतात, आम्हाला हातोहात उत्तर पाहिजे. बरोबर आहे. सभासद क्रमांक चुकला, गट नंबर रिकामा राहिला, हे क्षणात सांगता येते, ते तिथेच सांगावे. बाकीचा निकाल मेसेजने कळवावा, आणि नोंद नाकारली तर कारणासह. नुसते 'चूक झाली' म्हणणे म्हणजे काट्यावरून गाडी परत पाठवून तोंड फिरवणे.

ही मागणी आम्ही लेखी दिली आहे. दुरुस्ती होईपर्यंत ५०४ दिसले तर पुन्हा बटण दाबू नका, गट कार्यालयात फोन करा. दुबार नोंदींची यादी तिथे लावली आहे. आपला प्लॉट आणि लागण तारीख स्वतः पाहून जावे.