मोरी तुंबली? आधी ती बाटली खाली ठेवा!

दिवाळी सरली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. एक, फराळावर ताव मारून पोट बिघडवून घेतलेले. आणि दुसरे, फटाक्यांच्या धुराने दमा उसळलेले. यंदा त्यात तिसऱ्या प्रकाराची भर पडली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एक गृहस्थ आपल्या पत्नीला रिक्षात घालून घेऊन आले. बाईंचे डोळे लालभडक, नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा आणि खोकल्याची उबळ तर थांबता थांबेना. पूर्वी कधी दम्याचा त्रास नाही. मी विचारले, "फटाक्यांचा धूर गेला का छातीत?" तेव्हा गृहस्थ ओशाळून म्हणाले, "नाही डॉक्टर, मोरी तुंबली होती. हिनं ॲसिड ओतलं. पाणी काही उतरेना, म्हणून मीच म्हणालो, वर थोडी ब्लीचिंग पावडर टाकून बघ."

वाचकहो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. रणांगणावरचे हे अस्त्र त्या माऊलीने अजाणतेपणी चार फुटांच्या मोरीत तयार केले होते. तिला प्राणवायू लावून मी मोठ्या रुग्णालयात पाठवले, कारण या वायूने फुप्फुसांना येणारी सूज कधी कधी काही तासांनंतर दिसते. दोन दिवसांनी बाई सुखरूप घरी आल्या. मोरीला झरोका होता आणि दार उघडे होते, म्हणून निभावले.

मोरीसारखा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणी म्हणेल. पण माझे स्पष्ट मत असे आहे की, तुंबलेली मोरी हा जितका प्लंबरचा विषय आहे तितकाच डॉक्टरचाही आहे. आणि तिच्यावरचा इलाज दुकानातल्या बाटलीत नाही, तो आपल्या स्वयंपाकघरातल्या सवयीत आहे.

आधी मोरी तुंबते कशाने ते पाहू. दिवाळीत आपण चकल्या, करंज्या, शेव तळतो. तळणीची कढई, झारे, ताटे तशीच मोरीत जातात. गरम असताना तेल-तूप पाण्यासारखे वाहते. पण पाइपात पुढे गेल्यावर ते थंड होते आणि आतल्या बाजूला चिकटून बसते. वनस्पती तूप तर थंडीच्या दिवसांत डब्यातसुद्धा गोठते, मग पाइपात त्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. या चिकट थरावर भाताची शिते, चहाचा चोथा, कणकेचा लगदा आणि भांडी घासायच्या काथ्याचे तंतू येऊन बसतात. नहाणीत केस आणि साबण यांची तशीच युती होते. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांच्या नहाणीत ती अधिक घट्ट असते, कारण जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरा साका होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. सांगण्याचे तात्पर्य, पाइप एका दिवसात तुंबत नाही. तो कित्येक महिने तुंबत असतो, आपल्याला मात्र तो सणाच्या दिवशी, घरात पाहुणे असतानाच कळतो!

आता ॲसिडकडे वळू. ज्या ॲसिडने आपण संडास धुतो, त्याने चुनखडीचा थर निघतो हे खरे. पण तेलाचा गोळा, केसांचा गुंता किंवा प्लास्टिकचा तुकडा त्याने विरघळत नाही. उलट आपल्याकडे मोरीला घालतात ती शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. तिच्यावर ॲसिड पडले की फसफसून फेस येतो आणि मळ निघाला म्हणून आपल्याला समाधान वाटते. वास्तविक तिथे मळ निघत नसून फरशी विरघळत असते. सिमेंटचे सांधेही तसेच झिजतात आणि मग पाणी झिरपून भिंतीला ओल धरते.

दुसरा प्रकार कॉस्टिक सोड्याचा. त्याने तेल सुटते हे मी नाकारत नाही. परंतु पाणी लागताच तो इतका तापतो की साचलेले पाणी उसळून तोंडावर येऊ शकते. डोळ्यात गेलेला कॉस्टिक ॲसिडपेक्षाही खोलवर इजा करतो आणि बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा प्रयोगही कोणी कोणी सांगतात. तो धोक्याचा नाही, पण फसफस झाल्यावर दोघे एकमेकांचा जोर संपवतात आणि हाती उरते ते खारट पाणी. फिनेलने वास झाकतो, मोरी मोकळी होत नाही.

मग करावे काय? साचलेले पाणी डब्याने उपसून घ्यावे. हातात रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालून जाळी उचलावी आणि हाताला लागेल तेवढा गाळ व केस काढावेत. टोकाला वाकवलेल्या तारेने केसांचा गुंता चांगला निघतो. सिंक असेल तर खालच्या वाकड्या नळीखाली बादली ठेवून तिचे आटे फिरवावेत. निम्म्या वेळा सगळा ऐवज तिथेच सापडतो. तरी पाणी उतरले नाही तर लाकडी दांड्याचा रबरी पंप घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात तो सहज मिळतो. रबराची वाटी बुडेल इतके पाणी ठेवून, दुसरे भोक असेल तर ओल्या फडक्याने बंद करून, पंधरा-वीस वेळा दाबावे आणि ओढावे. दाबण्याइतकेच ओढणे महत्त्वाचे. पाणी मोकळे झाल्यावर मूठभर धुण्याचा सोडा आणि वरून गरम पाणी सोडावे. पाणी उकळते नसावे, त्याने प्लास्टिकचे पाइप व सांधे सैल होतात. एवढ्यानेही भागले नाही तर लांब स्प्रिंगची तार असलेला प्लंबर बोलवावा. मात्र आधी काही ओतले असेल तर ते त्याला सांगावे. नाही तर त्याचे हात भाजायचे.

एवढी खबरदारी घेऊनही अपघात झालाच तर काय? डोळ्यात ॲसिड किंवा सोडा गेल्यास नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाण्याची धार १५ ते २० मिनिटे धरावी, मग दवाखान्यात यावे. आधी धुणे, मग येणे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. वर येताना तेच द्रव्य अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. वायूचा ठसका लागल्यास सर्व सोडून उघड्या हवेत यावे. आणि एक हात जोडून विनंती. ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मुलाला बाटली ओळखता येते, आतला पदार्थ ओळखता येत नाही.

आता थोडे त्या जाळीखालच्या वाटीविषयी. मोरीत आणि नहाणीत जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात नेहमी सुमारे दोन इंच पाणी उभे राहते. अनेकांना ते घाण वाटते आणि काही जण तर आतली वाटीच काढून टाकतात. पण गटारातील वायू आणि झुरळे घरात येऊ न देणारा पहारेकरी म्हणजे ते पाणी. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, तेव्हा अमोय गार्डन्स नावाच्या एका वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात असे दिसले की अनेक घरांतल्या न्हाणीघरांचे हे ट्रॅप कोरडे पडले होते आणि सांडपाण्याच्या नळांतील दूषित तुषार त्या वाटेने घरांत शिरले असावेत. तेव्हा वापरात नसलेल्या नहाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. उन्हाळ्यात गावाला जाऊन आल्यावर घरात गटाराचा वास का येतो, याचेही उत्तर यातच आहे.

घराबाहेर साचलेले सांडपाणी ही वेगळी पीडा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पण क्युलेक्स जातीच्या डासाला गटाराचे घाण पाणीच मानवते आणि हत्तीरोगाचा प्रसार तोच करतो. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांतल्या लोकांना हा रोग काय असतो ते सांगायला नको. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे दाराजवळची नाली आठवड्यातून एकदा वाहती केली तरी एक पिढी मारली जाते.

आता थोडे अप्रिय लिहितो, आणि सुरुवात स्वतःपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या घरचा चेंबर तुंबला. संडासाची टाकीही भरली होती. मी एका माणसाला बोलावले. तो टाकीचे झाकण काढून, कमरेला दोर बांधून आत उतरला. मी नाकाला रुमाल लावून वर उभा होतो. पाच मिनिटांतच तो चक्कर येऊन अर्धवट वर आला, शेजाऱ्याने आणि मी दोर ओढून त्याला बाहेर घेतले. ओटीवर बसून तो ओकला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला लिंबाचे सरबत दिले, मी ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले आणि विषय संपला असे समजलो.

डॉक्टर असून त्या टाकीतल्या हवेचा विचार मला सुचला नाही, ही लाज अजून गेलेली नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते की हवा सुधारली, आणि तेवढ्यात शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. अशा दोन-दोन, तीन-तीन मृत्यूंच्या बातम्या आपण याच वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हा कायदा केवळ नगरपालिकेसाठी नाही; तुमच्या-माझ्यासारख्या घरमालकालाही तो लागू आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, माणुसकीने विचार करावा. ज्या टाकीत आपण आपल्या मुलाला उतरवणार नाही, तिच्यात दुसऱ्याच्या मुलाला पैसे देऊन उतरवण्याचा आपल्याला काय अधिकार? मैला उपसणारी गाडी बोलवावी, दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यावी. गाडी आपल्या गल्लीत येत नसेल तर नगरसेवकाकडे तिची मागणी करावी. आपण रस्त्यासाठी आणि नळासाठी भांडतो, यासाठीही भांडलो तर बिघडले कुठे?

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. कढई आणि ताटे धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावीत. (हे सदर वाचून झाले की हाच कागद चालेल!) खराब झालेले तळणीचे तेल मोरीत न ओतता भुश्श्यात किंवा कागदात टिपून कचऱ्यात द्यावे. चहाचा चोथा तुळशीला किंवा कुंडीला घालावा. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी आणि ती रोज रात्री झटकावी. सॅनिटरी पॅड, कापूस, चिंध्या संडासात टाकू नयेत, हे घरातल्या मुलींना आणि मुलांनाही संकोच न करता सांगावे.

त्या बाई परवा तपासणीला आल्या होत्या. खोकला थांबला आहे. मी विचारले, "मोरीचं काय झालं?" त्या हसून म्हणाल्या, "यांनीच तारेनं साफ केली, डॉक्टर. आत काय निघालं माहीत आहे? चकलीच्या साच्याची चकती. चार दिवस घरभर शोधत होते मी!"

ॲसिडच्या दहा बाटल्या ओतल्या असत्या तरी ती चकती काही विरघळली नसती.