विद्येचा हिशेब

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी गौलीगुड्यातल्या आमच्या घरी आला. पेढ्यांचा पुडा अण्णांच्या तसबिरीपुढे ठेवून त्याने खिशातून चार पानांचा एक करार काढला. त्याने स्वतः चाली लावलेले आठ अभंग एक कंपनी ध्वनिमुद्रित करणार होती. 'गुरुजी, गुरुवारपर्यंत सही करून द्यायची आहे. करू ना?' असे त्याने विचारले. बारा वर्षे मी या मुलाला स्वर शिकवले, ताल शिकवला, बंदिशीचा शब्द कोठे तोडू नये हे शिकवले. पण त्या चार पानांपुढे आम्ही गुरुशिष्य दोघेही सारखेच अडाणी ठरलो. त्या दिवसापासून जो विचार मनात घोळतो आहे, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

असा कागद माझ्याही वाट्याला येऊन गेला आहे. २००६ साली मी बारा भजने गाऊन दिली. एकरकमी नऊ हजार रुपये मिळाले आणि मी न वाचता सही केली. वाचणे हा समोरच्या गृहस्थाचा अविश्वास होईल असे मला वाटले. पुढे ती भजने देवळांत वाजली, लग्नांत वाजली, लोकांच्या मोबाइलमध्येही वाजली. मी चौकशीला गेलो तेव्हा माझीच सही माझ्यापुढे ठेवण्यात आली. मी कोणाला दोष देत नाही. मला गाता येत होते, वाचता येत होते. परंतु विचारता येत नव्हते.

हे न विचारणे आमच्या घरात कोठून आले ते सांगितले पाहिजे. माझे वडील दरबारी गवई. १९४४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते तंबोरा घेऊन दरबारात बसू लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, पुढल्या वर्षी जहागिरी संपल्या, आणि देवडीदेवडीतले गाणे हळूहळू थंडावले. मुशाहिरा बंद झाल्यावर अण्णा सायकलवरून सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा अशा शिकवण्या करीत. मी त्यांच्या बावन्नाव्या वर्षी झालो. मला आठवतात ते म्हातारे अण्णा. हाती आलेले पाकीट ते न मोजता खिशात टाकीत. 'पैसा मोजणाऱ्या हाताने तंबोरा छेडू नये' असे ते म्हणत, आणि आम्ही ते वेदवाक्य मानले.

२००९ साली अण्णा गेले. त्यांच्या पेटीत, तंबोऱ्याच्या तारांच्या पुडीखाली, एक वही सापडली. तीत तारीखवार नोंदी होत्या : कोणत्या देवडीत गायले, बिदागी किती हाली सिक्का, टांग्याचे किती, तबलजीला किती. शिकवण्या सुरू झाल्यावर प्रत्येक घराचा महिना लिहिलेला, आणि उजवीकडे 'येणे' असा एक रकाना. तो रकाना पानोपानी भरलेला होता. वसुलीची खूण क्वचितच दिसे. म्हणजे ज्यांना आम्ही पैशाविषयी उदासीन समजत होतो, ते अण्णा पै-पैचा हिशेब ठेवीत होते. त्यांना हिशेब येत होता. मागणे येत नव्हते. त्यांनी हिशेब लपवला आणि संकोच तेवढा आम्हांला वारसा म्हणून दिला.

दरबार होता तेव्हा तरी कलावंत सुरक्षित होता काय? आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. पंडित मोतीराम यांची निजामाच्या दरबारी नेमणूक ठरली होती. नेमणुकीच्या त्याच दिवशी, १९३४ साली, ते निवर्तले असे सांगतात. धाकटा जसराज तेव्हा चार वर्षांचा होता. शाळेला जाताना हैदराबादच्या एका हॉटेलात बेगम अख्तर यांची तबकडी ऐकत हा मुलगा रेंगाळे आणि शाळा बुडवी, ही आठवण पंडित जसराज पुढे आनंदाने सांगत. मला त्या आठवणीत आणखी एक प्रश्न दिसतो. त्या तबकडीवर हॉटेलात गिऱ्हाईक जमत होते. मग गाणाऱ्या बाईंना त्यातले काय मिळत होते? या प्रश्नाला आज कायद्यात उत्तर आहे. परंतु ते आमच्या गाणाऱ्यांना ठाऊक नसते.

ते उत्तर थोडक्यात असे. १९५७ चा लेखनाधिकार कायदा २०१२ साली सुधारण्यात आला. गाणे सार्वजनिक ठिकाणी वाजले की संगीतकार व गीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळाला पाहिजे, आणि हा वाटा त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. तो केवळ वारसाला किंवा हक्कांची वसुली करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. गायकवादकांच्या सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाला तर त्यांनाही स्वामित्वधन आहे. वसुलीसाठी संगीतकार-गीतकारांची 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ पासून आहे. गायकांची 'इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन' २०१३ मध्ये निघाली. सभासद झाल्याशिवाय मात्र कोणी घरी पैसे आणून देत नाही. हक्क देण्याचा करार लेखी हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. पण त्यांना आज लावलेली नवी चाल ही लावणाऱ्याची मिळकत आहे. एवढे समजायला वकिली लागत नाही. ज्याला झपताल समजतो त्याला हेही समजेल.

यावर आमच्या पिढीजात घरांतून एक आक्षेप येईल, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. विद्या ही दान करण्याची वस्तू. तिचा बाजार मांडला तर गाणे राहील काय? परंतु पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांना कोणी बाजारी म्हणेल काय? त्यांनी तिकीट लावून जलसे केले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या मर्जीवर जगणाऱ्या विद्येला त्यांनी लोकांच्या आश्रयावर उभे केले. गवयाला प्रतिष्ठा मिळवून देणे आणि त्याच्या पोटाची सोय लावणे ही दोन कामे त्यांनी एकच मानली. अर्थात त्यांच्याच चरित्रात दुसरा धडाही आहे. मुंबईच्या विद्यालयाच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज जलसे करकरूनही फिटेना, आणि अखेर १९२४ साली धनकोंनी ती वास्तू लिलावात काढली. बालगंधर्वांच्या स्वरावर अवघा महाराष्ट्र लुब्ध होता, तरी १९१३ साली निघालेली त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतलीच. स्वर अस्सल असला म्हणजे हिशेब आपोआप जुळतो, ही समजूत या दोन थोरांनीच खोटी ठरवली आहे. दोघांची थोरवी त्याने कमी होत नाही. पण त्यांच्यामागून येणाऱ्या सामान्य कलावंतांनी तीच ठेच पुन्हा का खावी?

म्हणून माझे म्हणणे असे, की संगीताच्या शिक्षणात व्यवहाराचे शिक्षण असलेच पाहिजे. करार वाचणे, मानधन आधी ठरवून लिहून घेणे, प्रवास आणि साथीदार यांचा खर्च वेगळा मांडणे, बिल करणे, कापून घेतलेल्या कराचा दाखला मागणे. शास्त्रीय व लोकसंगीत गाणाऱ्याच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हे किती गवयांना माहीत आहे? माझ्या वर्गात येत्या महिन्यापासून पहिल्या रविवारी एक तास यासाठी राखून ठेवला आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी जमाखर्च शिकवणार आहेत. त्या दिवशी पेटी बंद राहील. एखादा पालक नाराज होईल, हे धरून चाललो आहे.

आता वाचकांविषयी दोन शब्द, कारण ही गोष्ट केवळ गाणाऱ्यांच्या हातची नाही. आपल्या घरी गणपतीत किंवा कोजागिरीला गाणे होते. गाणारी मुलगी ओळखीची असते. तिला आपण नारळ, ब्लाउजपीस आणि 'तू काय घरचीच' हे शब्द देतो. त्याच रात्री मांडववाल्याला, आचाऱ्याला आणि लाउडस्पीकरवाल्याला मात्र रोख पैसे चुकते करतो, कारण ते परके असतात. अण्णांच्या वहीतल्या 'येणे'च्या रकान्यात जी नावे आहेत ती सगळी सज्जनांची आहेत, गाण्यावर प्रेम करणाऱ्यांची आहेत. कोणी बुडवायचे म्हणून बुडवले नाही. कोणी विचारले नाही, आणि अण्णांनी सांगितले नाही, एवढेच. तेव्हा यंदा बोलावणे करतानाच 'मानधन किती?' असे आपण होऊन विचारावे. विचारणाऱ्याचा मोठेपणा त्याने वाढेल आणि त्या मुलीचा संकोच वाचेल.

माझ्या विद्यार्थ्याच्या कागदाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. आम्ही दोघे पेन्सिल घेऊन बसलो. 'अखिल विश्वात, कायमचे' असे शब्द आले तेव्हा तो हसून म्हणाला, 'गुरुजी, विश्वात म्हणजे चंद्रावरसुद्धा?' मग ओळखीच्या एका वकीलबाईंच्या सल्ल्याने तीन दुरुस्त्या सुचवल्या : मुदत पाच वर्षे, चाल लावणाऱ्याचे नाव प्रत्येक ठिकाणी, आणि चालीवरचा हक्क त्याच्याकडे. गुरुवारी कागद गेला. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. कदाचित येणारही नाही, आणि आठ अभंग तूर्त घरातच राहतील. त्याच्या आईने मला तसे बोलूनही दाखवले. संधी हुकली तर त्यात माझा वाटा आहे, हे मी नाकारीत नाही. मात्र न वाचता सही कर, असा सल्ला त्याला पुन्हा विचारले तरी माझ्याने देववणार नाही.

अण्णांची वही मी आता पेटीतून काढून वर्गातल्या कपाटात ठेवली आहे. रविवारच्या तासाला पहिला पाठ तिच्यातूनच द्यायचा आहे.