आधी मेथीचा डबा उघडा

मैत्रिणींनो, ऐन पावसाळ्यात आठवडी बाजारातून परत येताना पिशवीत काय नसतं, ते एकदा बघा. कांदे-बटाटे असतात, मुलांना आवडतो म्हणून फ्लॉवर असतो. नसते ती पालेभाजी. मेथी-कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकला की हात आपोआप मागे येतो. ‘जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू.’ बरं, जुडी घरी आलीच तरी ती कुणाच्या पानात जाते? आधी हे, मग मुलं, मग सासूबाई. आपल्या वाट्याला कढईला लागलेलं खरवडण आणि लोणच्याची फोड. यात कुणी आपल्यावर जुलूम करत नाही, वाढणाऱ्या आपणच असतो. पण परिणाम व्हायचा तो होतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे आपल्या भिशीत दहा जणी असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी!

म्हणून मला वाटतं, घरी भाजी लावणं ही हौस समजू नये. हा आपल्या पानातल्या घासाचा प्रश्न आहे. पण हल्ली त्याचीही हौसच करून टाकली आहे. रंगीत कुंड्या, कोकोपीट, बियांची चकचकीत पाकिटं, वर फवारणीची बाटली. एवढं सगळं आणायचं तर त्या पैशांत चार महिन्यांची भाजी येईल. जिला जुडी परवडत नाही, तिला ‘आधी कुंड्या आण’ म्हणणं ही चेष्टाच झाली.

नर्सरीत जाण्याआधी स्वयंपाकघरातला मेथीचा डबा उघडा. फोडणीची मेथी हेच मेथीचं बी. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन-चार दिवसांत सात-आठ दाण्यांना मोड आले, तर बी चांगलं आहे, लावायला घ्या. धण्यांचंही तसंच. फक्त ते न भाजलेले हवेत. हलकेच लाटणं फिरवून त्यांचे दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे. कोंब यायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरा. मेथी महिन्याभरात खुडायला येते, कोथिंबिरीला दीड महिना लागतो. पुदिन्याच्या तर उरलेल्या काड्या खोचल्या तरी पुरे.

मेथीला सहा इंच माती बास होते. किराणा दुकानातला रिकामा तेलाचा डबा आडवा कापा, फुटकी बादली घ्या, नाहीतर तांदळाची गोणी दुमडून घ्या. खाली खिळ्याने भोकं पाडायला विसरू नका, पाणी साचलं की मुळं कुजतात. रंगाचे किंवा औषधांचे डबे मात्र खायच्या भाजीला नकोत. एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळका पाला. भाज्यांची सालं आणि देठं त्याच पाल्यात कुजवली की पुढचं खत घरचंच.

आषाढात बाजारातली मेथी महाग का होते? झोडपणाऱ्या पावसात ती शेतात कुजते म्हणून. शेतकऱ्याला शेत उचलून आत घेता येत नाही, आपल्याला डबा पत्र्याखाली सरकवता येतो. गरिबाच्या बागेची ही एक सोय आहेच! उघड्यावर त्या दिवसांत माठ आणि अंबाडी लावा. अंगण असेल तर पावसाच्या तोंडावर शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी रोवा. शेंगांची वाट बघत बसू नका, शेवग्याच्या पाल्याचीही भाजी होते. टोमॅटो, वांगी सावकाश लावा. आधी पाला, मग फळ.

‘पाण्याचं काय?’ असं कुणीतरी विचारणारच, आणि ते खरंही आहे. नळ दिवसाआड येतो तिथे बागेला पाणी कुठलं? पण तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मोरीत जातं, तेवढं दोन-तीन डब्यांना पुरतं. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. मावा पडला तर ५० ग्रॅम लिंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून शिंपडा आणि नंतर चार-पाच दिवस भाजी खुडू नका.

आणखी एक आक्षेप असा, की दोन डब्यांनी बाजार सुटतो का? नाही सुटत. रक्तक्षयही नुसत्या मेथीने जात नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण आठवड्यातून दोनदा हक्काची भाजी पानात पडली, वर लिंबू पिळलं, जेवणावर लगेच चहा घेतला नाही, तर अंगी लागायला मदत होते. मात्र ती आपल्याही पानात पडली पाहिजे. नाहीतर बाग आपण करायची आणि शेवटी कढई खरवडायची, मग त्या बागेचा उपयोग काय? पाणी घालायचं काम मुलांना आणि यांना वाटून द्या. बाग हे बाईच्या डोक्यावरचं आणखी एक काम होणार असेल, तर ती न केलेली बरी.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरच्या गावठी बियाण्यांची त्यांनी बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला एवढं मोठं काम नाही जमणार, पण एक-दोन रोपं न खुडता बियांवर ठेवणं नक्की जमेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांचं वाण देतोच ना आपण? यंदा घरच्या मेथीची, माठाची एकेक पुडी देऊन बघा. दहा जणींना दिलीत, तर दहा पानांत भाजी येईल. आणि देताना बजावून सांगा, ‘बाई गं, पहिली भाजी तुझ्या पानात वाढून घे!’