कोकलणाऱ्या गाडीची बाजू

आमच्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढ्यांच्या पाठोपाठ सल्ला येतो. ‘भाऊ, ते सेन्सर-फिन्सर पहिले बंद कर. लय कोकलते.’ सल्ला देणारा बहुधा वीस-पंचवीस वर्षं गाडी हाकलेला, एकही मोठी ठोकर न झालेला माणूस असतो, त्यामुळे त्याचं ऐकलं जातं. शोरूममधून गाडी अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या रिद्धपूरच्या वेशीत शिरेस्तोवर टक्कर-इशारा बंद, आपोआप लागणारा ब्रेक बंद, आणि जे खरं तर इथं बंद ठेवायला हवं ते वेग आपोआप सांभाळणारं क्रूझ मात्र पाव्हण्यांना दाखवायला चालू! हा उफराटा व्यवहार बरोबर नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते वेडगळ नाही. रिद्धपूरहून मोर्शीकडे किंवा चांदूरबाजारकडे निघालं की दिवाळीच्या पुढे-मागे रस्त्यावर काय काय असतं? संत्र्याची कॅरेटं भरलेली पिकअप, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दुधाच्या कॅना, कापसानं फुगलेली आणि मागं दिवा नसलेली ट्रॉली, कडेनं चाललेली बैलबंडी. वळणावर समोरची ट्रॉली तिच्या बाजूनं नीट येत असते, पण गाडीचं नाक क्षणभर तिच्याकडे वळतं आणि डॅशबोर्डवर लाल गाडी चमकून बीप-बीप सुरू होतं. मागच्या सीटवरची म्हातारी दचकते. ‘ही वस्तू परदेशातल्या रस्त्यांची, आपल्याकडे कायले?’ असं मग कुणीही म्हणेल.

खोटे इशारे येतात, हे कबूल. पण सगळे खोटे असतात का? पिकअपच्या मागं दहा पावलांवर साठच्या वेगानं गाडी चिकटवली की गाडी ओरडते. त्या ओरडण्यात खोटं काय आहे? पिकअपवाल्यानं कुत्र्यासाठी ब्रेक दाबला तर कॅरेटं आपल्या बॉनेटवर येणार, हे गणित मशीनला कळतं आणि आपल्याला सवयीनं कळेनासं झालेलं असतं. शिवाय वळणावरचा त्रास कमी करायला अख्खी यंत्रणा बंद करावी लागत नाही. बहुतेक गाड्यांत इशारा लवकर, मध्यम की उशिरा द्यायचा, हे ठरवता येतं. गावातल्या रस्त्यांसाठी ‘उशिरा’ ठेवावं. लेन धरून ठेवणारं जे स्टिअरिंग ओढतं, ते मात्र खुशाल बंद करा. रस्त्यावर पांढरा पट्टाच नसेल तर ते कशाला धरणार?

मुळात घोळ असा की ‘अ‍ॅडास’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात विकल्या जातात. एक चौकीदार आहे: टक्कर होईल असं दिसलं की ओरडतो, आणि पाय वेळेत पडला नाही तर स्वतः ब्रेक लावतो. दुसरी सोय आहे: ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर सांभाळणारं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ. दोघांचा रडार एकच, पण काम निराळं, आणि दोघांचा हिशेबही निराळा निघतो. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था आहे. पोलिसांकडे नोंदलेल्या अपघातांवरून तिनं काढलेला निष्कर्ष असा, की नुसत्या इशाऱ्यानं मागून धडकण्याचे अपघात सुमारे 27 टक्के घटतात आणि आपोआप ब्रेक असेल तर जवळपास निम्म्यानं. क्रूझबद्दल त्याच संस्थेनं 2021 मध्ये वेगळंच सांगितलं. ते चालू असताना वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता 24 टक्के जास्त दिसली. आकडे तिकडच्या रस्त्यांवरचे आहेत, ते जसेच्या तसे मोर्शी रोडला लावता येणार नाहीत. पण कोणती वस्तू जीव वाचवते आणि कोणती पाय दुखणं वाचवते, ते त्यातून कळतं.

क्रूझचा जन्मही आरामासाठीच झाला. अमेरिकेतला राल्फ टीटर हा अभियंता लहानपणीच आंधळा झालेला. त्याच्या वकिलाला बोलताना गाडी मंद करायची आणि ऐकताना जोरात सोडायची खोड होती, त्या धक्क्यांना कंटाळून टीटर या कामाला लागला, असं सांगतात. 1950 मध्ये पेटंट मिळालं, 1958 मध्ये ते क्रायस्लरच्या गाडीत आलं. नव्वदच्या दशकात जपानी आणि जर्मन कंपन्यांनी त्याला लेझर आणि रडारची जोड दिली, तेव्हा ते पुढच्या गाडीकडे बघून वेग बदलायला शिकलं.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. ही बंद करा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त धोकादायक आहेत. समृद्धी महामार्गावर क्रूझ एकशेवीसवर लावायचं, पाय वर घ्यायचे आणि मोबाईलवर रील बघत जालना गाठायचं. ‘गाडीच चालवते, बावा.’ गाडी चालवत नाही. इथल्या आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांत जबाबदारी पूर्णपणे चालकाची आहे, आणि गाडीच्या पुस्तकात ते छापलेलंही असतं. पुस्तक ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून राहतं, तो भाग निराळा.

या यंत्राला काय दिसतं? चक्रधरांच्या दृष्टांतात आंधळे हत्ती चाचपतात, ज्याच्या हाताला जे लागलं तो तेवढंच सांगतो. केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केलेला हा दृष्टांत आमच्या रिद्धपुरात महानुभावांच्या घरातलं पोरही सांगेल. गाडीतही तसंच आहे. जाळीमागचा रडार समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग अचूक सांगतो, पण ती वस्तू काय आहे हे त्याला नीट कळत नाही. काचेमागच्या कॅमेऱ्याला ट्रक आणि मोटारसायकल ओळखता येते, पण धुक्यात, सूर्य समोर असताना किंवा काच चिखलानं माखली की तो गोंधळतो. दोघांच्या सांगण्यावरून संगणक हत्ती उभा करतो. लोखंडी ट्रकचा हत्ती छान उभा राहतो. बैलबंडीचा आणि ट्रॉलीबाहेर हातभर लोंबणाऱ्या पऱ्हाटीचा नाही.

आणि सगळ्यात मोठी खोट उभ्या वाहनाची. रडारला रस्त्यालगतचे फलक, कठडे, पूल असं हजार स्थिर लोखंड दिसत असतं. प्रत्येकाला घाबरून ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून मोठ्या वेगात अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंकडे कमी लक्ष देतात. अमरावती-अकोला रस्त्यावर हे असं घडतं: पुढे ट्रक, आपण क्रूझवर त्याच्या मागं. ट्रकवाल्याला पुढे बंद पडलेला ट्रॅक्टर दिसतो आणि तो ऐनवेळी शेजारच्या लेनमध्ये जातो. क्रूझला वाटतं, रस्ता मोकळा झाला. ते ठरवलेल्या वेगाकडे झेप घेतं, नेमकं त्या ट्रॅक्टरच्या दिशेनं. इथं चौकीदार जागा असेल तर ओरडेल, कदाचित थोडा वेग तोडेलही. पण क्रूझच्या भरवशावर पाय आखडून बसलेल्या माणसाला ब्रेक सापडेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

‘अंतर जास्त ठेवलं की दुसरा मधे घुसतो’ ही तक्रार सगळेच करतात, आणि म्हणून सगळे अंतराची पट्टी एकावर ठेवतात. हिशेब करून बघू. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. दोन सेकंदांचं अंतर 50 मीटर झालं. कुणी मधे घुसला तर गाडी वेग थोडा कमी करून पुन्हा 50 मीटर मागं सरकते. यात गेले किती? दोन सेकंद, फार तर तीन. अमरावतीहून अकोल्यापर्यंत वीस जण घुसले तरी एक मिनिट. मूर्तिजापूरला चहावाल्याकडून सुटे घ्यायला याहून जास्त लागतं. उलट एका सेकंदाचं अंतर म्हणजे 25 मीटर, आणि लक्ष विचलित झालेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जायला सहज दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी 37 मीटर पुढे गेलेली असते. पुढचा कशावर तरी आदळून जागीच थांबला तर ब्रेक दाबण्याआधीच आपण त्याच्यावर. घुसणाऱ्याचा राग येतो हे खरं, पण त्या रागापायी पंचवीस मीटर गमावण्यात शहाणपण कुठलं?

शेवटचा आक्षेप मोठ्या तोंडाचा आहे: आधी रस्ते सुधारा, मग रडार लावा. रस्ते सुधारले की! अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 105 तासांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्यानं खुला होत जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा झाला, आणि आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना धामणगाव रेल्वेकडून त्यावर चढता येतं. त्याच समृद्धीवर वैजापूरजवळ ऑक्टोबर 2023 मध्ये सैलानीहून परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळून 12 जण गेले. तिथं खड्डा नव्हता. सरळ, गुळगुळीत, एकसुरी रस्त्यावर माणसाची नजर उघडी राहते आणि लक्ष झोपतं. म्हणजे रस्ता जितका चांगला, तितकी चौकीदाराची गरज वाढते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं 2025 मध्ये बस आणि ट्रकांसाठी आपोआप ब्रेक, डुलकीचा इशारा आणि लेन सोडल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला, तो याच कारणानं मला योग्य वाटतो. कारवाल्यांच्या हौसेपेक्षा चाळीस प्रवासी नेणाऱ्या बसला ही वस्तू आधी हवी. (आणि ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर लावायला कुठला रडार लागतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

तेव्हा माझी बाजू अशी: टक्कर-इशारा आणि आपोआप ब्रेक कायम चालू, मोर्शी रोडवरही. क्रूझ फक्त दुभाजक असलेल्या रस्त्यावर, दिवसा, अंतर मोठ्यात मोठं ठेवून आणि पाय ब्रेकजवळ असताना. दोनपदरी रस्त्यावर, गावातून, पावसात क्रूझ नको. पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेली काळी माती बंपरवर थापली जाते, तर निघण्याआधी ओल्या फडक्यानं रडारचा भाग आणि काच पुसावी. समोरची काच फुटून बदलली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, मिस्त्री ‘काही होत नाही’ म्हणाला तरी. आणि रुबाबासाठी पुढे बसवलेला तो जाड लोखंडी गार्ड आजच उतरवा. 2017 पासून तो बेकायदेशीर आहे, आणि ज्या रडारचे पैसे मोजले त्याच्या डोळ्यांवर तो पट्टी बांधतो.