विकास आराखड्यात आमचे ग्रंथालय कुठे आहे?

२००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पण शहर काही थांबले नाही. उड्डाणपूल झाले, मेट्रो आली, टॉवर उभे राहिले. या वाढत्या शहराच्या कारभाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : वस्तीतल्या मुलीला पायी जाता येईल इतक्या जवळ सार्वजनिक ग्रंथालये किती?

उत्तर ठरलेले असते. 'अभ्यासिका आहेत की!' मित्रहो, अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. अभ्यासिकेत खुर्ची, टेबल आणि पंखा मिळतो. पुस्तक ज्याचे त्याने आणायचे. तिथे स्पर्धा परीक्षेचा उमेदवार बसू शकतो. पण आठवीतल्या मुलीला गोष्टीचे पुस्तक कोण देणार? कंत्राटी कामगाराला कामगार कायद्याचे पुस्तक कुठे मिळणार? घरकाम करून आलेल्या बाईने वर्तमानपत्र कुठे वाचायचे? आणि सरकारी खुर्च्या अपुऱ्या म्हणून पुण्याच्या पेठांमध्ये आमची पोरे महिन्याचे भाडे भरून खासगी खुर्ची घेतात. बसायच्या जागेचेही दुकान झाले आहे.

निकष नाहीत असे कोणी सांगू नये. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत १५ हजार लोकसंख्येमागे २,००० चौरस मीटरची एक जागा सांगितली आहे. पण कशासाठी? सामूहिक सभागृह, मंगल कार्यालय आणि ग्रंथालय यांना एकाच ओळीत बसवले आहे. मंगल कार्यालयाचे भाडे येते, ग्रंथालयाचे येत नाही. मग त्या ओळीतले काय बांधले जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १७ लाखांना १५ हजारांनी भागले तर ११३ जागा होतात. आपल्या प्रभागात त्यातल्या किती आहेत आणि कितींमध्ये पुस्तके आहेत, हे प्रत्येकाने मोजून पाहावे.

खरी गोम कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कामांच्या दोन याद्या आहेत. कलम ६३ मधली कामे बंधनकारक : पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा. कलम ६६ मधली कामे ऐच्छिक. ग्रंथालय या ऐच्छिक यादीत आहे, म्हणजे महापालिकेच्या मर्जीवर. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये ग्रंथालये स्पष्टपणे लिहिलेली आहेत. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत हा शब्दच नाही.

पैशाचेही तेच. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्यांनी ग्रंथालय कराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा कर नाही. इथे मुख्यतः संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना शासन अनुदान देते. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच जागा, वर्गणीदार आणि फुरसतीचे कार्यकारी मंडळ आहे, त्यांचे ग्रंथालय उभे राहते आणि अनुदानही तिकडेच वळते. पत्र्याच्या घरांतली माणसे संस्था नोंदवणार कधी, इमारत दाखवणार कुठून? दार सर्वांना उघडे आहे, पण दार पेठेत आहे. जातीचा उल्लेखही न करता जातीची व्यवस्था कशी चालते, ते इथे दिसते.

उघड्या दाराची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले, पण पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालये आणि अभ्यासमंडळेही होती. पोटाला भाकरी आणि अंगाला कपडा नसलेल्या समाजासाठी त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालय मागितले. आज अब्जावधींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकांना ते चैनीचे वाटते!

'मोबाईलच्या जमान्यात वाचतो कोण?' असे विचारणाऱ्यांनी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर यावे. पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेणारी माणसे तिथे दिसतील. आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील तर मोबाईल हातात असूनही शांतपणे बसायचे कुठे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ग्रंथालय बंधनकारक कामांच्या यादीत घाला. आराखड्यात त्याचे आरक्षण मंगल कार्यालयापासून वेगळे दाखवा आणि पहिली जागा वस्तीजवळ द्या. प्रशिक्षित ग्रंथपालाचे कायम पद आणि दरवर्षीच्या पुस्तकखरेदीची रक्कम अर्थसंकल्पात लिहा. अनामत आणि वर्गणी रद्द करा. कामावरून सुटलेल्या माणसाला येता यावे म्हणून रात्री दहापर्यंत दार उघडे ठेवा. बाबासाहेबांच्या नावाची कमान जरूर उभारा. पण कमानीच्या आत पुस्तके आणि ग्रंथपाल नसेल तर तो सन्मान नव्हे, फसवणूक आहे.

नुसत्या आरक्षणावरही समाधान मानू नका. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही आणि जमीनमालकाच्या नोटिशीनंतरच्या मुदतीतही महापालिका हलली नाही, तर आरक्षण रद्द होते. पालिका झोपते आणि ग्रंथालय नकाशावरच मरते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. तिथे बिल्डर वकील घेऊन हजर असतो. या वेळी प्रत्येक विहारातून, प्रत्येक मंडळातून लेखी हरकती गेल्या पाहिजेत. सर्व्हे नंबर लिहा, पोच घ्या, सुनावणीला जा. माहितीच्या अधिकारात विचारा : ग्रंथालयाची आरक्षणे किती, ताब्यात किती, बांधली किती? जयंतीची वर्गणी काढतो त्याच नेटाने हे काम वस्तीवस्तीत उभे करू या.

जयभीम!