आवाज थांबला म्हणजे दुखणे गेले नव्हे

आमचा भाचा निलंग्यात राहतो. जुनी चारचाकी कर्जावर घेऊन ती भाड्याने चालवतो. कधी लातूरच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा, कधी औराद शहाजानीला लग्नाची माणसे पोचवायची. घरात खाणारी तोंडे पाच आणि कमावती गाडी एक. मागच्या पावसाळ्यानंतर या गाडीच्या पुढच्या चाकांतून मधूनच ‘कींऽऽ’ असा कर्कश आवाज येऊ लागला.

बरे, तो आवाज तरी नेमाने यावा! रस्त्यावर कान किटवून टाकायचा आणि गॅरेजात नेली की गाडी गप्प. दाताचा डॉक्टर दिसला की दाढ दुखायची थांबते, तशातली गत. एका मिस्तरीने अंदाजाने डाव्या चाकाचे बेअरिंग बदलले. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी आवाज परत आला. मग उजवे बेअरिंग बदलले. आवाज होता तिथेच. बँकेच्या हप्त्याचे पैसे त्यात गेले. शेजारच्या एकाने लिंबू-मिरची बांधायला सांगितले, दुसऱ्याने चाकाच्या डिस्कवर दोन थेंब ऑइल सोडायला सांगितले. लिंबू-मिरचीने पैसे वाया गेले असते, ऑइलने माणसे गेली असती. डिस्कला किंवा पॅडला तेलाचा हात लागला की ब्रेक धरत नाही, हे वाचकांनी कायमचे ध्यानात ठेवावे.

शेवटी भाचा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, इकून टाकावी म्हणतो गाडी.”

आमची उमर एस.टी.च्या कार्यशाळेत गेली. बसचे ब्रेक वेगळे आणि लहान गाडीचे वेगळे, पण बिघाड शोधायची रीत एकच. ‘आवाज येतो’ एवढ्या सांगण्याने कोणत्याही मिस्तरीला काही कळत नाही. आवाज कधी येतो आणि कधी जातो, हे कळले पाहिजे. आम्ही म्हणालो, “विकायचे नंतर बघू. आधी एक वही कर.”

वही मिळाली ती त्याच्या सातवीतल्या मुलीची, अर्धी कोरी राहिलेली. आम्ही तिला पाच प्रश्न लिहून दिले. गाडी थंड होती की चालून तापलेली? वेग किती होता? ब्रेक दाबल्यावर आवाज वाढला की थांबला? वळणावर काही फरक पडला का? गाडी उभी ठेवून नुसते इंजिन रेस केले तर आवाज येतो का? भाच्याने चार दिवस प्रत्येक फेरीनंतर तिला सांगितले आणि तिने लिहिले. रविवारी ती स्वतः पुढे बसून लामजन्यापर्यंत जाऊन आली.

ही पाच उत्तरे म्हणजे निम्मे निदान. गाडी उभी असताना इंजिन रेस केल्यावर चिरकले तर दोष चाकाचा नसतो, बहुधा फॅन बेल्टचा असतो. बेअरिंग गेले की ते असे चिरकत नाही. ‘घूंऽऽ’ असा जाड आवाज देते, वेगाबरोबर तो वाढतो आणि गाडी डावी-उजवीकडे झुकली की बदलतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून चालताना ‘टक्-टक्’ वाजले तर ॲक्सलचा सांधा पाहावा. रात्रभर पाऊस पडून सकाळी पहिल्या चार ब्रेकांना करकर झाली आणि मग थांबली, तर तो डिस्कवर धरलेला पातळ गंज असतो, त्याची काळजी नको. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर एकाएकी पत्रा घासल्यासारखे किंचाळू लागले, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये खडा अडकलेला असू शकतो. गाडी जरा मागे-पुढे केली की पुष्कळदा तो पडून जातो.

आमच्या वहीत मात्र वेगळेच निघाले. मुलगी म्हणाली, “आजोबा, आठही वेळा गाडी तापल्यावरच आवाज आलाय. आणि पप्पांनी ब्रेकवर हळूच पाय ठेवला की थांबतो.”

मग कोडे सुटले. गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर. गाडी तिथे जायची ती थंडच, मग आवाज येणार कुठून? आम्ही त्या दिवशी औशापर्यंत जाऊन आलो आणि थेट एका जुन्या मिस्तरीच्या दारात गाडी उभी केली. चाकाला हात न लावता नुसता जवळ धरून पाहिला. उजव्या चाकापेक्षा डावे स्पष्ट गरम लागत होते. भाचा म्हणाला, “चाचा, पॅड तर शाबूत दिसतात की.” चाचा हसले आणि म्हणाले, “बाहेरचा दिसतो बेटा, आतला कुठं दिसतो?”

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड दिला, चाक उतरवले. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता, आतला दोन मिलिमीटरही नव्हता. दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. तो दोन पिनांवर सरकतो. धूळ आणि चिखलपाणी जाऊन त्या पिना सुकल्या होत्या. कॅलिपर सरकेना, म्हणून आतला पॅड एकटाच झिजत होता आणि ब्रेक सोडला तरी डिस्कला चिकटून राहत होता. पुष्कळ पॅडांना पोलादाची एक लहान जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती ओरडावी म्हणूनच बसवलेली असते! ब्रेकवर पाय ठेवला की पॅड घट्ट दाबला जाऊन त्याची थरथर थांबते, म्हणून आवाज बंद. भाच्याला वाटायचे, ब्रेक मारला की गाडी सुधारते.

मुलीने विचारले, “पण घासल्यावर ओरडतंच का?” फळ्यावर खडू तिरपा धरला की चिरकतो, तसेच हे. धरणे आणि सुटणे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा होते आणि त्या थरथरीचा आवाज बनतो.

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. धातूवर धातू घासून तो ब्रेक भयंकर किंचाळत असे. १९०७ साली हर्बर्ट फ्रूड यांनी पॅडला ॲस्बेस्टॉसचे अस्तर लावून तो आवाज शमवला. पुढे कळले की त्याच ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाचा कॅन्सर करते. पुष्कळ देशांनी त्यावर बंदी आणली. आपली किती तरी पोरे गॅरेजात कामाला आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपाने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि नाकातोंडाला रुमाल बांधा. पॅड कोणता आहे हे डब्यावरून कळेलच असे नाही.

चाचांनी पिना साफ केल्या, त्यांना ब्रेकचे वेगळे ग्रीस लावले. साध्या ग्रीसने तिथले रबर फुगते. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. गाडी हलवण्याआधी ब्रेक पाच-सहा वेळा दाबून पायाला कडक लागेपर्यंत पाहिला. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळायला सांगितले. खर्च एका बेअरिंगपेक्षाही कमी आला.

चाचा जाता जाता म्हणाले, ते महत्त्वाचे. पॅड तीन मिलिमीटरवर आला की बदलावा. तसाच चालवला तर ती जीभही झिजते आणि किंचाळणे थांबून ‘खर्र’ सुरू होते. मग लोखंडावर लोखंड घासते, डिस्क कापली जाते आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. गाडीत पेशंट असो की लग्नाची माणसे, त्यांचा जीव त्या तीन मिलिमीटरवर असतो.

भाच्याने गाडी विकली नाही. वही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. पहिल्या पानावर मुलीने तारीख घालून लिहिले आहे: ‘डावा आतला पॅड. आवाज खरा होता.’