विमानाचा अंगरखा



सुट्टी लागली की घरातली मुलं कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवताना तुम्ही पाहिली असतील. ‘डीसीएस वर्ल्ड’, ‘आयएल-२ श्टुर्मोविक’ ही त्यातली गाजलेली नावं. हे सिम्युलेटर, म्हणजे विमान शक्य तितकं खऱ्यासारखं उडवायला लावणारे खेळ. पण यांच्या पोटात आणखी एक छंद दडलेला आहे. तो म्हणजे विमान उडवण्याआधी त्याला रंगवणं. खेळातल्या विमानाच्या या रंगाला ‘स्किन’ म्हणतात. आपण त्याला विमानाचा अंगरखा म्हणूया.

अंगरखा म्हणायला कारण आहे. शिंपी सदरा शिवताना बाही, पाठ, पुढचा भाग असे तुकडे कापडावर सपाट आखतो ना? इथेही तसंच असतं. पंख, शेपूट, धड हे सगळं उलगडून एका सपाट चित्रावर मांडलेलं असतं. ‘गिंप’ किंवा ‘क्रिता’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते चित्र उघडायचं आणि थरावर थर चढवत रंगवायचं. खाली मूळ रंग, त्यावर पत्र्यांचे सांधे आणि रिबिटं, मग चिन्हं आणि आकडे, सगळ्यात वर धूळ, तेल, धूर. चित्र खेळाच्या योग्य फोल्डरमध्ये ठेवलं की विमान नवे कपडे घालून धावपट्टीवर उभं!

आता म्हणाल, यात विशेष काय? हवा तो रंग द्या. द्या की, खेळ कुणाला अडवत नाही. पण विमान इतिहासातलं असेल, तर एकेका ठिपक्याला अर्थ असतो.

हेच पाहा. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन लढत होती. प्रमुख होते अर्जन सिंग, पुढे हवाई दलाचे मार्शल झालेले. ब्रिटिश पद्धतीच्या गोल चिन्हात मधोमध लाल ठिपका असायचा. पण समोर जपानी होते आणि त्यांच्या विमानांवर लाल गोळा! घाईत कुणी आपल्याच विमानावर गोळी झाडली तर? म्हणून या आघाडीवर चिन्हातला लाल रंगच काढून टाकला. अमेरिकनांनीही १९४२ मध्ये आपल्या चांदणीतला लाल ठिपका पुसला. एका ठिपक्यावर वैमानिकाचा जीव अवलंबून होता.

आज कुणी हौसेने त्याच हरिकेनवर केशरी, पांढरं, हिरवं चिन्ह रंगवलं, तर दिसायला छान दिसेल, पण ते चिन्ह १९५० पासूनचं. स्वातंत्र्यानंतर काही काळ तर अशोकचक्र होतं. चिन्ह पाहून विमान कोणत्या काळातलं ते ओळखता येतं. ते चुकलं, तर पाहणाऱ्या मुलाच्या डोक्यात चुकीचा इतिहास बसतो.

दुसरं उदाहरण मिग-२१ चं. आपल्याकडचे सुरुवातीचे मिग चकचकीत चंदेरी होते. १९७१ चं युद्ध तोंडावर आलं तेव्हा विमानं झाकायला घाईघाईने रंग फासले गेले, त्यामुळे सगळी एकसारखी दिसत नव्हती. त्या युद्धात लढले ते मिग-२१ एफएल. ‘डीसीएस’मध्ये मिळतं ते मिग-२१ बिस, आपल्याकडे युद्धानंतर आलेलं. त्याला १९७१ चे रंग द्यायचे असतील तर जरूर द्या, फक्त सोबत तसं लिहून ठेवा.

आम्हा भिलाईकरांना मिग थोडं जवळचंच वाटतं. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. मिगही तिथूनच आलं आणि पुढे आपल्या नाशिकजवळ ओझरला बनू लागलं. शिवाय धातू तापला की आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा कसा होतो, हे पोलादाच्या गावात सांगावं लागत नाही. विमानाच्या शेपटाकडे, जिथून इंजिनाची आग बाहेर पडते, तिथे नेमके हेच रंग भरावे लागतात. घरात कुणी आजोबा कारखान्यातून निवृत्त झाले असतील, तर नातवाने त्यांना शेजारी बसवून घ्यावं. असा गुरू इंटरनेटवर मिळायचा नाही!

सुरुवात करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, एकच विमान, एकच वर्ष निवडा. दोन, त्या काळातले फोटो शोधा. दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, ते जरूर पाहा, पण उभी करून ठेवलेली विमानं नंतर पुन्हा रंगवलेली असू शकतात, हे विसरू नका. तीन, कृष्णधवल फोटोवरून हिरवा की तपकिरी ते कळत नाही. जिथे अंदाज केला असेल तिथे ‘हा अंदाज आहे’ असं प्रामाणिकपणे नोंदवा.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ने आपल्या हवाई दलाचा निरोप घेतला. आता ते आकाशात दिसणार नाही, पडद्यावर मात्र उडत राहील. ते खऱ्या रंगात उडावं, एवढं तर आपल्या मुलांच्या हातात आहे. तुमच्या घरात असा कुणी रंगारी असेल, तर आज त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “हे विमान कुणाचं रे, बाळा?”

भेटूया पुढच्या भागात!